दुखत न्हाई, म्हणून

आज गावचा बाजार. बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी, म्हणून आशाताईंनी तपासणीसाठी नेमका हाच दिवस धरला आहे. फेब्रुवारी महिना. बार्शी तालुक्यातल्या या गावाभोवती ज्वारीची काढणी चालली आहे आणि एरवी सकाळी आठनंतर इथे घरात बाई सापडत नाही. आज मात्र उपकेंद्राच्या पडवीत सतरंजीवर दाटीवाटीने बायका बसल्या आहेत. कुणाजवळ बाजाराची पिशवी आहे, कुणाच्या मांडीवर नातू.

मी आशाताईंच्या शेजारी बसले आहे. त्यांच्या पुढ्यात फॉर्मचा गठ्ठा आहे, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीचा एक. वय, तंबाखू-मिशेरी, कमरेचा घेर, घरात कुणाला शुगर-बीपी. मग बायकांसाठीचे वेगळे प्रश्न.

"छातीत गाठ लागती का हाताला?"

"न्हाई."

"बोंडातनं रक्त येतंय का?"

"न्हाई बया."

"एका बाजूचा आकार बदलल्यागत वाटतोय?"

पदर तोंडाशी जातो. शेजारच्या दोघी हसतात. आणि मग न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येतं, "मला काय बी दुखत न्हाई."

फॉर्मवर छाती दुखण्याचा प्रश्न नाही. तरीही एकामागून एक बाई हेच सांगते. गुडघे दुखतात, कंबर धरते, डोकं ठणकतं, हे सगळं त्या मोकळेपणाने सांगतात, कारण त्यामुळे काम अडतं. काम अडलं की आजार. छातीतल्या गाठीने खुरपणं थांबत नाही, धुणं थांबत नाही, आणि भाकरी थापणाऱ्या हाताला ती जाणवतही नाही. सुरुवातीच्या काळात स्तनाच्या कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. नेमकं याच कारणाने ती घरात महिनोन् महिने राहते.

समुदाय आरोग्य अधिकारी असलेल्या मॅडम बाहेर येतात. तिशीच्या आतबाहेरची मुलगी, आवाज खणखणीत. त्यांच्या हातात छातीचं सिलिकॉनचं मॉडेल आहे. त्या ते फिरवायला देतात. "बोटांच्या टोकांनी नाही, पेरांनी बघा. मधली तीन बोटं. आधी हलकं, मग जरा दाबून, मग आणखी दाबून."

पहिली बाई ते लाजत हातात घेते आणि झटकन पुढे देते. तिसरीचं बोट थांबतं. "हितं कायतरी टणक हाय." तिच्याभोवती डोकी गोळा होतात. आता प्रत्येकीला ती गाठ सापडायला हवी आहे. एक आजी डोळे मिटून बोटं फिरवतात आणि दुसरी, खोलवरची गाठ शोधून काढतात. पडवीतली लाज बघता बघता मागे पडते आणि प्रश्न सुरू होतात.

"पाळीच्या आधी दोन्हीकडं दुखतंय, ते?"

"पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना दुखणं, जड होणं, हे बहुतेक वेळा साधं असतं. पाळी चालू असेल तर पाळी सुरू झाल्यावर आठवड्याने तपासलं की नीट कळतं. पण एकाच जागी टणक गाठ आहे आणि पुढच्या पाळीनंतरही ती तिथेच आहे, तर दाखवायचं."

"दूध गोठल्यालं असंल तर?"

"पाजणाऱ्या बाईला गाठ होऊ शकते. पण दूध सुटून वीस वर्षं झाली, तर ते दूध नाही."

मॅडम बोटांवर मोजत खुणा सांगतात. नवी गाठ, छातीत किंवा काखेत. कातडीला खळी पडणं किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी जाड, खड्ड्याखड्ड्यांची दिसणं. आधी सरळ असलेलं बोंड आत ओढलं जाणं. बोंडातून आपोआप रक्त किंवा रक्ताळ पाणी येणं. बोंडावर न भरणारी जखम. एकच बाजू सुजणं, लाल होणं. "यातलं काहीही दिसलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात. पण साधी आहे हे तुम्ही ठरवायचं नाही, मीही नाही. ते तपासणीने ठरतं."

दर महिन्याला आपलं आपण तपासलं की पुरे का, असं मी त्यांना बाजूला विचारते. त्या मान हलवतात. शांघायच्या कापड गिरण्यांमध्ये अडीच लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेली चाचणी त्यांना ठाऊक आहे. तिथल्या स्त्रियांना स्वतः तपासायला शिकवलं गेलं, त्यांनी जास्त गाठी शोधल्या, साध्या गाठींच्या बायॉप्सी वाढल्या, पण मृत्यू कमी झाले नाहीत. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. "म्हणून मी बायकांना सांगते, आपलं अंग ओळखीचं ठेवा, बदल कळला पाहिजे. पण स्वतः हात लावून समाधान मानू नका. शिकलेल्या हाताला दाखवा."

शिकलेला हात काय करू शकतो, याचा मोठा पुरावा मुंबईतला आहे. १९९८ पासून टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक चाचणी केली. डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका निम्म्या वस्त्यांमधल्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत, अशा चार फेऱ्या. निकाल २०२१ मध्ये आला. तपासणी झालेल्या स्त्रियांमध्ये कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडले. पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फरक दिसला नाही, हेही त्याच अभ्यासाने स्पष्ट सांगितलं. या तपासणीत मॅमोग्राफीचं यंत्र नव्हतं. होती ती सेविकेची बोटं, आणि ठरल्या काळाने पुन्हा दारात येणं.

आतल्या खोलीत खिडकीला चादर लावली आहे. दाराला कडी. मी आत बसले तर चालेल का, हे मॅडम प्रत्येकीला विचारतात. काही जणी नको म्हणतात आणि मी बाहेर येते. साधारण पन्नाशी उलटलेल्या एक काकी मात्र माझा हात धरूनच आत जातात. "तुमी ऱ्हावा हितंच."

काकी स्टुलावर बसतात. मॅडम आधी नुसतं बघतात. हात कमरेवर, मग हात डोक्यावर, मग पुढे वाकून. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, कातडी कुठे ओढली जाते का. नंतर काकी आडव्या होतात, खांद्याखाली घडी केलेली चादर, हात डोक्याखाली. मॅडमची बोटं काखेच्या मधल्या रेषेपासून सुरू होतात. गळपट्टीच्या हाडापासून छातीच्या खालच्या कडेपर्यंत एक सरळ ओळ, मग तिला लागून दुसरी, छातीच्या मधल्या हाडापर्यंत. प्रत्येक जागी लहान गोल, तीन वेगवेगळ्या दाबांचे. बोटं उचलली जात नाहीत. कुणी घाई करत नाही.

डाव्या बाजूला, वरच्या बाहेरच्या भागात बोटं थांबतात. पुढे जातात, परत येतात. स्तनाचे कॅन्सर सर्वाधिक याच भागात आढळतात, हे मला माहीत आहे आणि मी काकींच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळते. मॅडम टेप लावून मापतात. दोन सेंटीमीटरच्या आसपास. कातडी स्वच्छ. काखेत हाताला काही लागत नाही. गळपट्टीच्या वरही नाही.

"काकी, ही गाठ तुम्हाला माहीत होती?"

काकी छताकडे बघत राहतात. "दिवाळीला अंघुळीत हाताला लागली."

"कुणाला सांगितलं?"

"कुणाला सांगू? दुखत न्हाई तर काय सांगायचं?"

मॅडम रागावत नाहीत. त्या काकींना उठवून बसवतात, पदर सारखा करायला वेळ देतात आणि मग समोर बसून बोलतात. "ही गाठ काय आहे ते मला माहीत नाही. पण बघावं लागेल. बार्शीला जायचं, फोटो काढायचे, गरज पडली तर सुईने तुकडा घ्यायचा. तुम्ही घरी सांगाल, की आशाताईंनी यायचं?"

काकी बराच वेळ गप्प. मग म्हणतात, "तिनंच यावं. माझ्यानं न्हाई व्हायचं."

चिठ्ठी लिहिली जाते. आशाताई फोनवर बार्शीच्या रुग्णालयात बोलून दिवस विचारतात. परवाचा मिळतो.

बार्शीचं नाव या कामात नवं नाही. १९८७ मध्ये देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी इथेच सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात आहेत. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून रुग्णांची नोंद घेत आणि त्याच फेरीत लोकांना लक्षणं समजावून सांगत. कागद भरायला आलेला माणूस ओट्यावर बसून बोलायचा. आज सकाळी पडवीत जे चाललं होतं, त्याची पायवाट या भागात तेव्हापासूनची आहे.

संध्याकाळी आम्ही काकींच्या अंगणात आहोत. एका बाजूला कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. काकींचे मालक, त्यांना सगळे तात्या म्हणतात, बाजेवर बसले आहेत. मुलगा मोटरसायकल पुसतो आहे. सून चहा घेऊन येते. काकी चुलीजवळून हलत नाहीत, पण कान इकडेच.

आशाताई आडवळण घेत नाहीत. चहाचा कप खाली ठेवून सांगतात, "तात्या, काकींच्या छातीत गाठ हाय. परवा बार्शीला न्यायचं हाय."

तात्या बायकोकडे वळतात. "दुखतंय का गं तुला?"

"न्हाई."

"मग? काढणी तर होऊ दे. आठ-धा दिसाचा खेळ हाय. तवर बिब्बा घालून बघ, बसंल."

"बिब्बा न्हाई घालायचा, तात्या. कातडी भाजंल, आन गाठ तशीच ऱ्हाईल." आशाताईंचा आवाज चढत नाही. "दुखणारी असती तर ती दिवाळीतच बोलली असती. दुखत न्हाई म्हणूनच न्यायची. दुखायला लागायची वाट बघितली तर लई उशीर झालेला असतोय."

मुलगा फडकं ठेवून जवळ येतो. "पर सुई टोचली की पसरतंय म्हणत्यात ते."

हा प्रश्न मी शहरातही ऐकला आहे, शिकलेल्या घरांत, अगदी याच शब्दांत. आशाताई त्याला सांगतात की सुईने तपासल्याने कॅन्सर पसरत नाही, तो पसरतो उपचार न केल्याने. सुईच्या आधी बधिर करण्याचं इंजेक्शन देतात. तुकडा बघितल्याशिवाय कुठलाही डॉक्टर नक्की सांगू शकत नाही, आणि नक्की कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. खर्चाचं विचारल्यावर त्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं सांगतात. रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्यायला लावतात.

मग तात्या माझ्याकडे बघतात. पाहुणी म्हणून मी आतापर्यंत गप्प आहे. "तुमी शिकल्याल्या हाईसा. आठ दिसानं काय फरक पडतोय?"

आठ दिवसांनी आभाळ कोसळणार नाही, हे मी त्यांना खरं तेच सांगते. पण आज काढणी असते, त्यानंतर मळणी, त्यानंतर लग्नसराई, त्यानंतर पेरणी. दिवाळीतली गाठ फेब्रुवारीत आली आहे. म्हणून आठ दिवसही द्यायचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की बाई लक्षण घेऊन पहिल्यांदा आरोग्य केंद्रात आली की ६० दिवसांच्या आत निदान पुरं व्हावं. तो काळ आज सकाळी सुरू झाला आहे. आणखी एक हिशेब मी त्यांना सांगते. २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या स्त्रियांचा देशातल्या ११ नोंदणी केंद्रांनी मागोवा घेतला. कॅन्सर स्तनापुरताच असताना सापडला, त्यांच्यातल्या १०० पैकी ८१ जणी पाच वर्षांनंतर हयात होत्या. शरीरात दूरवर पसरल्यावर सापडला, त्यांच्यातल्या १०० पैकी १८.

तात्या बोटांवर काहीतरी मोजतात. ८१ आणि १८. त्यांना हिशेब कळतो, आयुष्यभर तेच केलं आहे. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा कॅन्सर झाल्याचा अंदाज आहे आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने गेल्याचा. हा आकडा मी अंगणात सांगत नाही. तो त्यांच्या घरावर लादण्यासारखा नाही. पण माझ्या डोक्यात तो फिरत राहतो, कारण त्या ९८ हजारांपैकी कितीतरी जणींच्या अंगणात 'काढणी झाली की जाऊ' हेच वाक्य बोललं गेलं असणार.

शेवटी सूनच बोलते. "काढणीला मजूर लावा. मी आत्यांसंगं जाते."

तात्या काही म्हणत नाहीत. आत जातात आणि रेशनकार्डाची पिशवी आणून सुनेच्या हातात देतात.

बार्शीचं रुग्णालय. सकाळची पहिली एसटी पकडून, अर्ध्या तिकिटात, काकी आणि सून आल्या आहेत. आशाताई बरोबर आहेत, मीही. केसपेपर होतो. बाकांवर आसपासच्या जिल्ह्यांतली माणसं. काकी आधी कोपऱ्यातली जागा धरतात, मग शेजारच्या परांड्याच्या बाईशी कांद्याच्या भावावर बोलायला लागतात.

मॅमोग्राफीच्या खोलीत तंत्रज्ञ ताई काकींना उभं करतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये स्तन काही सेकंद दाबला जातो. प्रत्येक बाजूचे दोन फोटो, एक वरून, एक तिरका. काकींच्या कपाळावर आठी पडते आणि लगेच जाते. चाळिशीच्या आतल्या बाईचा स्तन बहुतेकदा दाट असतो, तिथे आधी सोनोग्राफी करतात. काकींची दोन्ही होतात.

तपासणाऱ्या डॉक्टर बाई फोटो लावून बघतात. पुन्हा हाताने तपासतात. हात, फोटो आणि तुकडा, या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय त्या काही ठरवणार नाहीत. "काकू, तुकडा घ्यायला लागेल. आजच घेऊ."

काकी पहिल्यांदा स्वतःहून विचारतात. "काडून टाकत्यात का समदं?"

डॉक्टर खुर्ची पुढे ओढतात. "आधी गाठ काय आहे ते कळू दे. कॅन्सर निघालाच आणि एवढाच लहान असला, तर बऱ्याचदा गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढतात, मग शेक देतात. अख्खा स्तन काढावाच लागतो असं नाही."

इटली आणि अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी हा मार्ग खुला केला. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निकाल २००२ मध्ये आले. लहान गाठ असलेल्या आणि स्तन राखून रेडिएशन घेतलेल्या स्त्रिया, पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगल्या. पण स्तन राखता यावा, तर गाठ लहान असताना यावं लागतं. अख्खी छाती जाईल या भीतीने बाई घरी थांबते आणि थांबल्यामुळेच ती भीती खरी होते. हे कुणीतरी तिला आधी सांगायला हवं होतं, पंचवीस वर्षांपूर्वी, पाच वर्षांपूर्वी, निदान दिवाळीत.

बधिर करतात. सुईचा खटका ऐकू येतो, मग पुन्हा. बारीक, लांबट तुकडे बाटलीत पडतात. काकींचा हात सुनेच्या हातात आहे. बाहेर आल्यावर त्या पहिलं वाक्य बोलतात, "इंजेक्शनचं तेवढं लागलं. बाकी काय न्हाई."

रिपोर्टला काही दिवस लागतील. त्यात काय येईल, हे या क्षणी इथे कुणालाच माहीत नाही. गाठ साधी निघेल किंवा निघणार नाही. पण एक गोष्ट रिपोर्टच्या आधीच झालेली आहे. काकी आल्या तेव्हा गाठ दोन सेंटीमीटरची होती, कातडी स्वच्छ होती, काख मोकळी होती. त्या स्वतःच्या पायांनी एसटी चढून आल्या. डॉक्टरांच्या हातात आज जेवढे मार्ग आहेत, तेवढे पुढच्या दिवाळीला नसते.

आणि हे एका आशाताईने बाजाराचा दिवस धरल्यामुळे, एका मुलीने घाई न करता बोटं फिरवल्यामुळे, एका सुनेने काढणीचा प्रश्न स्वतःच्या अंगावर घेतल्यामुळे झालं. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकीची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हायची आहे. कागदावरची ती ओळ खरी व्हायची तर प्रत्येक गावात अशी माणसं लागतील, त्यांना वेळेवर मानधन लागेल, आणि चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईसाठी बाकाच्या पलीकडे यंत्र आणि डॉक्टर लागतील. घराकडून लागेल ते याहून सोपं आहे. तिला दुखतंय का, एवढंच विचारून थांबायचं नाही. काही बदललंय का, हेही विचारायचं, आणि ती हो म्हणाली की दुसऱ्या दिवशीची गाडी धरायची.

औषधाच्या दुकानासमोर सून फोनवर बोलते आहे. पलीकडे तिची आई आहे, भूम तालुक्यातल्या गावात. आई बहुतेक तब्येत बरी असल्याचं सांगत असावी, कारण सून तिला मध्येच तोडते.

"दुखतंय का म्हणून इचारत न्हाई मी, आई. हाताला काय लागतंय का ते सांग. आन लागू दे न्हाईतर न लागू दे, तुमच्या आशाला उद्या घरी बोलव."